पिसवेच्या गालावरचे काटे

शेजारच्या काकूंच्या मांजराला विंचरताना कंगव्यात पिसवा निघाल्या. काकू त्या चिरडणार, तेवढ्यात मी बाटली पुढे केली. (माझे शेजारी सहनशील आहेत.)

पिसू तशीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर नुसता तपकिरी ठिपका दिसतो. म्हणून आधी अल्कोहोल, मग १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात रात्रभर. आतलं मऊ सगळं विरघळतं, कवच उरतं, प्रकाश आरपार जातो. हातमोजे घालाच, पोटॅशने कातडी भाजते.

शरीर दोन्ही बाजूंनी चपटं, त्यामुळे केसांतून सरसर पुढे सरकतं. गालाच्या कडेला काळ्या काट्यांची फणी, मानेमागे दुसरी. दोन्हींची टोकं मागे वळलेली, म्हणून मांजराने कितीही खाजवलं तरी ही बया निघत नाही. मागच्या पायांच्या वर, छातीत, रेझिलिन या लवचीक प्रथिनाची गादी असते. उडीची ताकद तिथे साठते.

उंदरावरच्या झेनोप्सिला चिओपिस या पिसवेला मात्र या दोन्ही फण्या नसतात! १८९६च्या मुंबईच्या प्लेगमागे तीच होती. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून प्लेग पिसवांमधून पसरतो हे दाखवलं, पण बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. प्लेगचे जंतू तिच्या जठराआधीच्या काटेरी झडपेत गुठळी करतात. रक्त खाली उतरत नाही, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेलं रक्त जंतूंसकट जखमेत ओकते.

स्लाइड बनवण्याबद्दल काही अडलं तर कॉमेंटमध्ये विचारा. नर-मादी कशी ओळखायची तेही सांगेन.