गदिमांच्या माघारी बाबूजी

मंडळी, गीतरामायण म्हटलं की आपल्याला सुधीर फडक्यांचाच आवाज आठवतो. पण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी ही ५६ गीतं प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे कितीतरी गळे त्यात होते. बाबूजी मुख्यतः रामाची गीतं गात. पुढे रंगमंचावर मात्र राम, सीता, कौसल्या, सगळे त्यांच्या एकट्याच्या गळ्यातून बोलू लागले. १४ डिसेंबर १९७७ला गदिमा गेले. रौप्यमहोत्सवाला कवीच नव्हता, बाबूजी गायले. आपण ती गाणी नीट ऐकावीत: अक्षर कुठं दबत नाही, तान शब्दावर चढत नाही. (रुसवेफुगवे या दोघांतही व्हायचे बरं का!) गदिमांनंतर बाबूजी जवळजवळ २५ वर्षं जगले, आणि मित्राचे शब्द असे जपून गात राहिले.