जठराचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर रक्ताची साक्ष

जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली, म्हणजे रोगाचे समूळ उच्चाटन झालेच असे नव्हे. डोळ्यांना न दिसणाऱ्या काही रोगपेशी शरीरात मागे राहू शकतात. रोग उलटण्याची बहुतेक उदाहरणे पहिल्या दोन-तीन वर्षांतील असतात. सुरगाणा, पेठ यांसारख्या दुर्गम तालुक्यांतून उपचारासाठी नाशिकला येणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हीच वर्षे जोखमीची. आणि प्रकृती सुधारली की तपासणी टाळण्याचा मोहही याच काळात होतो.

रक्तातील दर्शके

कर्करोगाच्या पेशी काही विशिष्ट द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांना अर्बुददर्शके किंवा ट्यूमर मार्कर म्हणतात. यांपैकी सीईए हे द्रव्य १९६५ साली मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधून काढले. जठराच्या कर्करोगात त्याच्याबरोबर सीए १९-९ व सीए ७२-४ यांचेही मापन केले जाते. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेले प्रमाण शस्त्रक्रियेनंतर उतरले आणि पुढे क्रमाक्रमाने पुन्हा चढू लागले, तर तो सावधगिरीचा इशारा समजावा. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसण्यापूर्वीही कधी कधी तो मिळतो.

मर्यादा

मात्र दर्शक म्हणजे निदान नव्हे. धूम्रपानामुळे सीईए, तर काविळीत सीए १९-९ वाढू शकते. काही व्यक्तींच्या शरीरात सीए १९-९ जन्मतःच तयार होत नाही. अनेकदा रोग उलटूनही अहवाल निर्दोष येतो. म्हणून एका आकड्याने घाबरू नये वा निर्धास्तही होऊ नये. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत चाचणी करावी व जुने अहवाल जपून ठेवावेत. इशारा लवकर मिळाल्याने आयुष्य वाढतेच, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तथापि पुढील तपासण्यांची दिशा त्यामुळे ठरते.

गावाचा वाटा

संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णास बी-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून द्यावे लागते. तेव्हा दर्शके निर्दोष असली, तरी ठरलेल्या तारखेस डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणती मदत मिळू शकेल, याची चौकशी योजनेतील रुग्णालयांच्या आरोग्यमित्रांकडे करता येते. गावातील रुग्णाची पुढील तारीख चुकू नये, एवढी दक्षता शिक्षक व पंचायत सदस्यांनी घेतली, तर रक्ताने दिलेला इशारा वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.