जुन्या लॅपटॉपचा शाळेत पुनरुपयोग : लिनक्स प्रणालीची ओळख

पुष्कळ शाळांच्या कार्यालयात एखादा जुना लॅपटॉप कपाटात ठेवून दिलेला आढळतो. तो सुरू व्हावयास फार वेळ लागतो, काम चालू असता मध्येच अडतो, आणि दुकानदार त्याकडे पाहून नवीन घेण्याचा सल्ला देतो. अशा वेळी यंत्र निकामी झाले असे शिक्षक सहजच समजून चालतात. वस्तुतः अनेकदा बिघाड यंत्रात नसतो. गाडीची चाके, आख आणि जू शाबूत असताना तिच्यावर दर वर्षी एकेक पोते अधिक लादीत गेले, तर बैल थकणारच; त्यासाठी गाडी मोडीत काढण्याचे कारण नाही. ओझे कमी करणे हा त्यावर पहिला उपाय होय. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स प्रणाली बसविणे म्हणजे असेच ओझे कमी करणे आहे.

हा प्रश्न सध्या विशेष निकडीचा झाला आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ठरावीक मुदतीच्या वाढीव योजनेत जी यंत्रे नाहीत, त्यांना सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज ११ ही प्रणाली तर साधारणतः २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर अधिकृतपणे बसविता येत नाही. त्यामुळे धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एकाच वेळी जुनी ठरली आहेत.

लिनक्स म्हणजे काय?

यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स ही अशीच एक प्रणाली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा तयार केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्यास जोड मिळाली. ही प्रणाली कोणीही वापरावी, तिची रचना अभ्यासावी, तीत बदल करावा आणि ती इतरांस द्यावी, अशी तिच्या परवान्यातच मुभा आहे. म्हणून एका शिक्षकाने शेजारच्या शाळेस तिची प्रत देणे हा गुन्हा ठरत नाही.

या गाभ्यावर निरनिराळ्या गटांनी आपापल्या आवृत्त्या रचल्या आहेत. डेबियन, उबुंटू व लिनक्स मिंट ही त्यांतील परिचित नावे. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही आवृत्ती तयार केली. केरळच्या सरकारी व अनुदानित शाळांत संगणकाचे शिक्षण गेली अनेक वर्षे लिनक्सवर चालू आहे. नवख्या शिक्षकासाठी लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती सोयीची होय. तिची मांडणी विंडोजसारखी असून ती यंत्रावर फारसा भार टाकीत नाही.

कोणते यंत्र घ्यावे?

मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलेले लॅपटॉप काही वर्षांनी एकदम बदलतात आणि जुने विक्रीस काढतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून ते सर्वत्र जातात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड व एचपीचे एलिटबुक हे या वर्गातील लॅपटॉप होत. घरगुती वापराच्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा त्यांची बांधणी मजबूत असते व सुटे भाग सहज मिळतात. उदाहरणार्थ, थिंकपॅड टी-४३० किंवा लॅटिट्यूड ई-६४३० या २०१२ च्या सुमाराच्या यंत्रांत बॅटरी बाहेरून काढता येते, रॅमसाठी दोन खाचा असतात आणि हार्ड डिस्क काही स्क्रू काढून बदलता येते. अगदी पातळ अशा काही यंत्रांत मात्र रॅम मूळ पट्टीवरच जोडलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात. प्रोसेसर ६४-बिटचा असावा. रॅम निदान ४ जीबी असावी. ८ जीबी असल्यास उत्तम. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राचा वेग वाढविणारा याइतका परिणामकारक दुसरा खर्च नाही. बॅटरी फुगलेली असल्यास ती मुळीच वापरू नये. तिला आग लागण्याचा धोका असतो. चार्जर त्या यंत्राच्या मापाचाच असावा. यंत्र सुरू होताना बायोसचा पासवर्ड मागितला जात असेल, तर ते घेऊ नये. काही यंत्रांत तो काढणे जवळजवळ अशक्य असते. शेवटी, यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली पावती अवश्य घ्यावी, म्हणजे चोरीचा माल शाळेत येणार नाही.

बसविण्यापूर्वी

या कामातील सर्वांत मोठी चूक घाईमुळे होते. प्रणाली बसविताना ‘संपूर्ण डिस्क पुसावी’ हा पर्याय निवडला की यंत्रातील सर्व माहिती जाते. तीत मुलांच्या नोंदी, निकालपत्रके व पोषण आहाराचे हिशेबही जातील. म्हणून प्रथम सर्व फाइली बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. नुसती नक्कल केली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती उघडते की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. यंत्र शाळेच्या डेडस्टॉक नोंदवहीतील असेल, तर मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी.

आवृत्तीची फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घेऊन रूफस अथवा एचर या साधनाने त्यावर ती चढवावी. या क्रियेत पेन ड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर पुसला जातो. नंतर पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे आणि लगेच लेनोव्हो व डेलच्या यंत्रावर एफ-१२, तर एचपीच्या यंत्रावर एफ-९ ही कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा.

येथे लिनक्सची एक मोठी सोय लक्षात येते. डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, सर्व कळा आणि शाळेचा प्रिंटर तपासावा. काही यंत्रांतील वाय-फाय प्रथम चालत नाही. तेव्हा मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट यंत्रास द्यावे व प्रणालीतील ड्रायव्हर व्यवस्थापकातून आवश्यक भाग उतरवावा. सर्व ठीक दिसले तरच पडद्यावरील ‘इन्स्टॉल’ या चिन्हाकडे वळावे. चार्जर जोडलेला ठेवावा आणि पडद्यावरील प्रत्येक प्रश्न सावकाश वाचून उत्तर द्यावे.

मराठी लेखन

मराठी शाळेच्या दृष्टीने हा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेले मजकूर हे खरे पाहता युनिकोड मराठी नव्हेत. तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. असे जुने दस्तऐवज विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. केवळ वाचावयाचे किंवा छापावयाचे असतील, त्यांची पीडीएफ प्रत करून ठेवावी.

लिनक्समध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही प्रमाण कळरचना मिळते. ही रचना विंडोजमध्येही तीच असल्याने एकदा बसलेला हात दोन्हीकडे चालतो. तिची मांडणी वर्णमालेस धरून आहे. स्वर व मात्रा डाव्या बाजूस, तर व्यंजने मुख्यतः उजव्या बाजूस. ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’. ‘ग’ व ‘घ’, ‘त’ व ‘थ’, ‘द’ व ‘ध’, ‘प’ व ‘फ’ यांचीही तशीच जोडी. अल्पप्राण व महाप्राण वर्णांचा भेद शिकविताना शिक्षकास हा कळफलकच तक्ता म्हणून वापरता येईल.

मर्यादा

लिनक्स हा सर्व अडचणींवरचा तोडगा नव्हे. विंडोजसाठी केलेले कार्यक्रम त्यावर बहुधा जसेच्या तसे चालत नाहीत. काही जुने प्रिंटर, तसेच डिजिटल स्वाक्षरीची काही साधने दाद देत नाहीत. यूडायस प्लस, दीक्षा यांसारखी ब्राउझरमध्ये चालणारी कामे करता येतात. तरीही आपल्या शाळेची नेहमीची कामे एकदा प्रत्यक्ष करून पाहावीत. ज्या शाळेत कार्यालयीन कामाचे एकच यंत्र आहे, तिने ते एकदम बदलू नये. प्रथम कपाटातील पडीक यंत्रावर महिनाभर प्रयोग करावा.

वर्गातील उपयोग

लिनक्सवर लिबर ऑफिस, भूमितीसाठी जिओजेब्रा आणि लहान मुलांच्या खेळांचा संच जीकॉम्प्रिस ही साधने विनामूल्य मिळतात. किविक्स या साधनाने मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून घेतला, म्हणजे तो इंटरनेटविना वाचता येतो. ज्या गावी मोबाइलला जेमतेम संकेत मिळतो, तेथील मुलांस हा मोठाच लाभ होय. मुलांसाठी वेगळे खाते उघडावे व त्यास व्यवस्थापकाचे अधिकार देऊ नयेत. चार-पाच मुलांचा एक गट करून आपल्या गावातील ओढे, झाडे व सण यांची माहिती पाळीपाळीने टंकित करण्यास सांगावी. एका यंत्रावरही सर्व वर्गास काम मिळते.

एक दक्षता मात्र कायम ठेवावी. कोणती आवृत्ती केव्हा बसविली, कोणता भाग बदलला, दुरुस्त्या कशा घ्यावयाच्या, हे सर्व एका वहीत लिहावे. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावा. हौशी शिक्षकाची बदली होते आणि त्याच्याबरोबर पासवर्डही जातो. मग चालते यंत्र पुन्हा कपाटात जाऊन पडते. नव्याने येणाऱ्या शिक्षकास ती वही वाचून पहिल्याच दिवशी यंत्र सुरू करता आले पाहिजे. तेवढी व्यवस्था झाली, म्हणजे ते यंत्र एका शिक्षकाचे न राहता शाळेचे झाले.