क्रेडिट कार्डची फसवणूक: लाज बाजूला ठेवा, आधी कार्ड बंद करा

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधीचा रविवार. झाशीत आमची मराठी घरे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे फराळाला हातभार लावायला मी मावशीकडे गेले होते. ती करंज्या भरत होती, पण लक्ष कुठेतरी दुसरीकडेच होते. एक करंजी तळताना फुटली, मग दुसरी. तिसरी फुटली तेव्हा तिने गॅस बंद केला आणि हळूच म्हणाली, ‘‘तुला एक सांगते, पण काकांना कळता कामा नये.’’

गुरुवारी दुपारी तिला फोन आला होता. तुमच्या क्रेडिट कार्डचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपणार आहेत, असे समोरचा मुलगा अगदी अदबीने, ‘मॅडमजी’ म्हणत सांगत होता. व्हॉट्सअॅपवर त्याने एक फाइल पाठवली. मावशीने ती उघडली, बँकेचा लोगो दिसला, फॉर्म भरला. संध्याकाळपर्यंत 24,800 रुपये गेले. शुक्रवारी 9,999. शनिवारी 14,500.

‘‘पण मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही गं,’’ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मावशी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. ती खोटे बोलत नव्हती.

ओटीपी न सांगताही पैसे कसे जातात?

‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे आता लहान मुलांनाही पाठ आहे. चोरांनाही ते माहीत आहे, म्हणून त्यांनी विचारायचेच सोडून दिले. मावशीला आलेली फाइल ‘एपीके’ होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून फोनमध्ये बसणारे अॅप. बसताना अशा अॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि आपण ‘अलाउ’ दाबले की येणारा प्रत्येक ओटीपी आपोआप चोराच्या फोनवर जातो. कार्डचा नंबर, मुदत आणि मागचा 3 आकडी सीव्हीव्ही तर आपण फॉर्ममध्ये स्वतःच लिहून दिलेला असतो.

दुसरी वाट परदेशातून येते. तिथल्या अनेक वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत. नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर व्यवहार पूर्ण होतो. म्हणून हॉटेलात किंवा दुकानात कार्ड वेटरच्या हाती देऊन आत पाठवू नका. फोटो काढायला किती वेळ लागतो? मशीन टेबलापाशी मागवा. यात संकोच कसला, आता जवळपास सगळीकडे मशीन आणून देतात.

बँकेचे खरे अॅप व्हॉट्सअॅपवर येत नाही. केवायसी, पॉइंट्स, लिमिट वाढवणे, वीजबिल, ट्रॅफिकचे चलान, कारण कोणतेही असो, फाइल आली तर ती उघडू नका. बँकांच्या वेबसाइटचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो, ही एक सोपी खूणही लक्षात ठेवा.

कार्ड पर्समध्ये, चोर दुसऱ्या देशात

कधीकधी तर आपली काहीच चूक नसते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून एटीएमच्या मागण्यांना खोटी मंजुरी मिळेल अशी व्यवस्था केली आणि डेबिट कार्डांच्या नकला वापरून 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये काढले. कोल्हापूरसह भारतातल्या एटीएममधूनही पैसे निघाले. नंतर हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून आकडा 94 कोटींवर गेला. पैसे बँकेचे गेले, ग्राहकांच्या खात्याला धक्का लागला नाही. 2023 मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली.

खरी कार्डे त्या वेळी आपापल्या मालकांच्या पर्समध्येच होती. म्हणजे पर्स सांभाळणे पुरेसे नाही. मग नुकसान कोणी सोसायचे? इथेच मावशीच्या त्या 3 दिवसांचा प्रश्न येतो.

घड्याळ कधी सुरू होते?

रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे एक परिपत्रक आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणाची असेल, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. 4 ते 7 दिवस लागले तर 5 लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डवर जास्तीत जास्त 10,000 रुपये आणि त्याहून मोठ्या लिमिटवर 25,000 रुपयांपर्यंत तुमच्या अंगावर येतात. त्यापुढे बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. कळवल्यानंतर 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून आपल्या बँकेच्या साइटवर एकदा नजर टाका.

आणि माहिती आपल्याच हातून गेली असेल तर? तेव्हा कळवेपर्यंतचे सगळे नुकसान आपले. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. हे वाक्य मी मावशीला 2 वेळा वाचून दाखवले. गुरुवारी संध्याकाळीच तिने फोन केला असता तर शुक्रवार आणि शनिवारचे व्यवहार झालेच नसते. ती गप्प राहिली, कारण काका काय म्हणतील, सून काय म्हणेल, ‘एवढी शिकलेली बाई’ असे लोक म्हणतील. चोराला नेमके हेच हवे असते.

पहिल्या अर्ध्या तासात

आम्ही आधी मावशीचा फोन फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे नवे ओटीपी बाहेर जायला नकोत. मग माझ्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून कार्ड ब्लॉक केले आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. हेल्पलाइनचा नंबर कार्डच्या मागे छापलेला असतो, पण पर्सच चोरीला गेली तर नंबरही गेला ना! म्हणून तो आजच फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाकडे सेव्ह करून ठेवा. गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत.

त्यानंतर 1930 हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर लावला. तो संपूर्ण देशात चालतो, झाशीतही आणि नाशिकमध्येही. cybercrime.gov.in ऐवजी दुसऱ्या कुठल्याही साइटवर तक्रार करू नका, असे तिथल्या माणसाने बजावले. पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात का हे तिथून पाहिले जाते, म्हणून जितक्या लवकर तितके बरे. शेवटी फोन पूर्ण रीसेट केला आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. बँकेला लेखी ईमेलही पाठवला. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

जे आज रात्रीच करता येईल

बँकेचे अॅप उघडा आणि कार्डचे सेटिंग पाहा. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात. ही सोय सर्व बँकांनी ऑक्टोबर 2020 पासून द्यायचीच आहे. परदेशी व्यवहार बंद ठेवा. ऑनलाइनचे लिमिट घरखर्चापुरते ठेवा, सोन्याची खरेदी रोज थोडीच होते! टॅपने 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणून गर्दीच्या बाजारात किंवा रेल्वे प्रवासात ही सोय बंद ठेवलेली बरी.

पिन कागदावर लिहून पर्समध्ये ठेवणारे लोक मी अजूनही पाहते. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी तर तो कार्डच्या पाकिटावरच लिहिला होता. पिन टाकताना दुसऱ्या हाताने आडोसा करा, सीव्हीव्ही पाठ करून कार्डवरचा आकडा खोडून टाका आणि महिन्याचे बिल आले की शेवटची ओळ नाही, प्रत्येक ओळ वाचा. चोर कधीकधी आधी 10-20 रुपयांचा व्यवहार करून कार्ड चालते का ते पाहतात.

मावशीचे पुढे काय झाले? शनिवारची 14,500 ची खरेदी होती, माल निघाला नव्हता, ऑर्डर थांबली आणि पैसे परत आले. बाकीचे 34,799 रुपये बँकेने नाकारले, ते ती पेन्शनमधून हप्त्याने फेडते आहे.

काकांना त्याच रात्री सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले, मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘मागच्या दिवाळीत माझेही 2,000 असेच गेले होते. तुला कसं सांगू, कळेना.’’