काळ्या कालथ्याचा गुणाकार

काळा प्लॅस्टिकचा कालथा आजच्या आज फेकून द्या, हा निरोप २०२४च्या ऑक्टोबरात अमेरिकेतून सुटला तो जगभर फिरला. दोनच महिन्यांत, ज्या ‘केमोस्फिअर’मध्ये या निरोपामागचा शोधनिबंध आला होता, त्या पर्यावरणविषयक पत्रिकेचंच नाव ‘वेब ऑफ सायन्स’ या मातब्बर सूचीतून कटलं. एका कालथ्यापायी पत्रिका बुडाली, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही.

आधी कालथा. टीव्ही-संगणकांच्या कवचांनी पेट घेऊ नये म्हणून त्यांत ब्रोमिनयुक्त रसायनं घालत. ते प्लॅस्टिक वितळवून पुन्हा वापरतात. त्यात काळा रंग येतो काजळीतून, आणि कचरा निवडणाऱ्या यंत्राचे अवरक्त किरण ती गिळून टाकते. तुकडा कशाचा, हे यंत्राला कळतच नाही. अशा वाटेनं भंगारातला टीव्ही भाजी परतायला येतो. सिएटलच्या ‘टॉक्सिक-फ्री फ्यूचर’ संस्थेनं २०३ काळ्या वस्तू पाहिल्या, ब्रोमिन जास्त असलेल्या २० निवडल्या आणि त्यांतल्या १७ मध्ये ही रसायनं सापडली. (बऱ्याच बातम्यांत नुसतं ‘८५ टक्के’ आलं. कशाचे, ते गाळून.)

इथवर ठीक. पुढे गुणाकार. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेची एका रसायनासाठीची मर्यादा किलोमागे दिवसाला ७,००० नॅनोग्रॅम. माणूस ६० किलोंचा. उत्तर ४,२०,०००. निबंधात छापलं ४२,०००! भांड्यांतून पोटात जाण्याचा अंदाज होता ३४,७००, म्हणजे काठावर भासणारी मात्रा प्रत्यक्षात मर्यादेच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढी.

चूक पकडली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जो श्वार्त्झ यांनी. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक व्याख्यानात जादूचे प्रयोगही करतात. एखादं शून्य गायब झालेलं त्यांना दिसणारच. लेखकांनी शुद्धिपत्र काढलं, वर निष्कर्षाला बाधा येत नाही असंही बजावलं. दहापट चुकूनही निष्कर्ष जागचा हलत नसेल, तर तो आकडा मांडला कशाला? विषारी रसायन स्वयंपाकघरात नको, एवढं म्हणायला गुणाकार लागत नाही.

छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या परीक्षकांकडून हे सुटलं, याचं मला फारसं नवल नाही. दोन-तीन तज्ज्ञ, बहुधा बिनपैशाचे, आपली कामं उरकून वाचणार. पद्धत बघतात, संदर्भ बघतात. पाढे कोण म्हणून बघतो? पत्रिकेवर गंडांतर आलं ते मात्र या चुकीपायी नव्हे, दर्जाच्या निकषांवरून. २०२४मध्ये तिला डझनावारी निबंधांवर जाहीर शंका नोंदवावी लागली, काही मागेही घ्यावे लागले.

आपल्याकडे बढतीचे गुण अशा सूच्यांवर बेतलेले असतात, त्यामुळे पत्रिका सूचीतून गेली की झळ आपल्या संशोधकांनाही लागते. प्रकाशक एल्सव्हियरला मात्र तोशीस नाही. विज्ञान-प्रकाशनाच्या या धंद्यातला नफा ३५ टक्क्यांच्या वर आहे. मोठ्या वैद्यकीय पत्रिका संख्याशास्त्र तपासायला वेगळा माणूस ठेवतात. पर्यावरणाच्या पत्रिकांनीही तो ठेवावा, आणि पगारावर ठेवावा.