का आणि कसं? : पानफुटीची रात्रपाळी
कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं लोणंद तसं कमी पावसाचं. इथल्या ओट्यावर जुन्या डब्यात लावलेली पानफुटी मात्र भर उन्हाळ्यातही टवटवीत. चार दिवस पाणी घालायला विसरलं तरी रुसत नाही!

गुपित तिच्या कामाच्या वेळेत आहे. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात. कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण उन्हात पाणीही उडून जातं. पानफुटी ही दारं रात्रीच्या गारव्यात उघडते आणि आलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते, जसं कणगीत धान्य. उजाडलं की दारं लावून त्याच साठ्यातून साखर बनवते.

त्यामुळे पान पहाटे आंबट, दुपारी सपक. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी भारतात ते चाखून पाहिलं. त्यांची नोंद १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापली. आपण मात्र चाखू नये, पानात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.

लाडाने रोज पाणी घातलं की मुळं कुजतात. डब्याला खाली भोक पाडा, मातीत वाळू मिसळा आणि बोट खुपसल्यावर माती कोरडी लागली तरच पाणी घाला.