दरडोई विजेचा हिशेब



वर्तमानपत्रात अधूनमधून ‘दरडोई वीजवापर’ छापून येतो. हा आकडा म्हणजे नेमकं काय, असं काही सभासदांनी आम्हांस विचारलं, म्हणून हे चार शब्द.

देशात वर्षभरात लागलेली सगळी वीज भागिले लोकसंख्या, एवढंच ते गणित. आपल्या देशाचा आकडा २०२३-२४ साली सुमारे १,४०० युनिट होता. जपानचा ७ ते ८ हजार, अमेरिकेचा १२ हजारांच्या वर. आणि सगळ्यांत वरचा नंबर आइसलँड या बेटाचा, माणशी जवळजवळ ५० हजार!

मग तिथली माणसं दिवसाढवळ्या दिवे जाळतात की काय? तसं मुळीच नाही. त्या देशाची वस्ती सुमारे ४ लाख. नद्यांचं पाणी आणि जमिनीखालची वाफ यांमुळं वीज स्वस्त. म्हणून परदेशी कंपन्यांनी तिथं अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने काढले. एक किलो अ‍ॅल्युमिनियम काढायला साधारण १४ युनिट लागतात, आणि देशातली निम्म्याहून जास्त वीज हेच कारखाने ओढतात. धातू बोटीनं परदेशी जातो, वीज मात्र तिथल्या रहिवाशांच्या नावावर पडते. त्यांची घरं तर बहुतेक जमिनीतल्या गरम पाण्यावरच ऊबदार राहतात.

आपलंच बघा ना. साखर मुंबईला जाते, परदेशी जाते. पण ती तयार करायला बगॅस जळतो तो इथं, आपल्या बॉयलरात. तालुकावार हिशेब मांडला तर कारखान्याचा तालुका शेजारच्यापेक्षा फुगलेला दिसेल. त्यानं आपल्या वस्तीवरचा एक दिवा वाढत नाही.

पण म्हणून सगळा फरक कागदावरचा, असंही समजू नका. पेट्रोल, कोळसा, गॅस सगळं धरलं तर अमेरिकेतला माणूस आपल्या सुमारे दहापट ऊर्जा वापरतो. मोटारी आणि मोठाली घरं यांचा त्यात बराच वाटा आहे. भारत एकूण वापरात जगात तिसरा, पण माणशी वापर जगाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. हवामानाच्या जागतिक परिषदांत श्रीमंत देश पहिला आकडा पुढं करतात, आपले प्रतिनिधी दुसरा. दोन्ही खरेच. कोळसा कुणी किती कमी करायचा, हे भांडण त्यावरच चालतं.

आणि आपल्या १,४०० तही शहरातला एसीवाला अन् पालातला ऊसतोड मजूर एकाच सरासरीत बसवलेत. त्याच्या कोयत्याची अन् बैलांची ताकद तर या हिशेबात धरतच नाहीत.